इंजिनाले पाणी

आमच्या सोनाळ्याला रेल्वे नाही. मागं सातपुडा, पुढं कपाशी अन् संत्र्याचे बगीचे, मधून एसटी. गाडी पाहायची तर शेगाव गाठायचं, पूर्वी हिवरखेडही चालायचं. त्यामुळे गावात रेल्वेवर बोलणाऱ्यांची संख्या, ज्या गावांत रेल्वे आहे तिथल्यापेक्षा जास्त आहे. ज्याच्या घरी म्हैस नाही तोच दुधावर जास्त बोलतो, त्यातला प्रकार.

मी पहिलं इंजिन पाहिलं शेगावला. गजानन महाराजांच्या दर्शनाला नेलं होतं, पण हात आधी जोडले गेले ते फलाटावरच. काळं धूड, बंदुकीच्या गोळीसारखं पुढं आलेलं नाक अन् त्यावर चांदणी. मी फलाटावरून पुढं वाकलो अन् कोळशाचा कण डोळ्यात घेतला. आईनं पदराचा बोळा करून, तोंडाच्या वाफेनं गरम करून डोळ्याला लावला. इंजिनाचंही वाफेवर चालत होतं, माझंही.

ते डब्ल्यूपी जातीचं इंजिन होतं हे फार उशिरा कळलं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर. या जातीची पहिली सोळा इंजिनं १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीनं बनवून पाठवली. त्यातलं ७२०० नंबरचं, ‘आझाद’ नावाचं, हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये जपून ठेवलंय. म्हणजे ज्याला आम्ही शेगावचं इंजिन समजत होतो त्याचं आजोळ अमेरिकेत. तसे वऱ्हाडावर अमेरिकेचे उपकार जुनेच. १८६१ साली तिकडं यादवीत भाऊ-भाऊ भांडले, त्यांचा कापूस लँकेशायरला जाईना, अन् इकडं आमच्या कापसाला भाव आला. त्याच कापसासाठी १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा टाकला. तो भाव पुन्हा कधी आला नाही. फाटा मात्र आहे.

माझा पुतण्या डेन्व्हरला असतो. एकदा रात्री दोन वाजता त्याचा फोन. काळजात धस्स झालं. तो म्हणाला, “काका, व्हिडिओ पाठवला, पाहा आधी!” तो शायेनला ‘बिग बॉय’ पाहायला गेला होता. युनियन पॅसिफिक रेल्वेचं ४०१४ नंबरचं इंजिन. अशी पंचवीस इंजिनं १९४१ पासून बनली. नाव कारखान्यातल्या कुण्या कामगारानं खडूनं लिहून ठेवलं, तेच चिकटलं. आमच्याकडं पोराचं बारसं बाराव्या दिवशी होतं, पण हाक मारायचं नाव असंच कुणीतरी येताजाता ठेवतो. टेंडरसकट या इंजिनाचं वजन साडेपाचशे टनांच्या घरात. १९६१ मध्ये निवृत्त होऊन ते कॅलिफोर्नियात प्रदर्शनात उभं राहिलं. २०१३ मध्ये कंपनीनं ते परत मागून घेतलं, सगळं उलगडून पुन्हा जोडलं, कोळशाऐवजी तेलावर आणलं अन् २०१९ मध्ये रुळावर उतरवलं. निवृत्त माणसाला अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा कामावर बोलावणारं खातं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

इंजिनं आम्हीही जपली. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत मँचेस्टरच्या १९२१ सालच्या इंजिनावर धावली. पण आम्ही तिला वारसा म्हणून जपलं नाही, दुसरं नव्हतं म्हणून जपलं. जुनी कढई जशी नवी येईपर्यंत टिकते. अन् नवं इंजिन आलं की जुन्याला रंग देऊन स्टेशनबाहेर चौथऱ्यावर उभं करतात. रंगवलेलं इंजिन पाहिलं की मला सत्काराला बसवलेला म्हातारा आठवतो. हार आहे, शाल आहे, फक्त बोलू देत नाहीत.

माझे आजोबा, आबा, खंडव्याला जायचे ते हिवरखेडहून, मीटरगेजनं. धूळघाटात गाडी डोंगर चढताना वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पुलानं जायची. आबा सांगायचे, “सापानं शेपूट ओलांडावं तशी.” आजीचा प्रश्न दर वेळी एकच, “एवढा उशीर काऊन झाला?” अन् आबांचं उत्तरही एकच, “इंजिनाले पाणी पाजत होते.” गाडी वेळेवर आली तरी हेच उत्तर. वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, आबांनी उत्तर बदललं नाही.

तो मीटरगेज मार्ग २०१७ मध्ये बंद झाला. नवी ब्रॉडगेज मेळघाटातून न नेता बाहेरून न्यायचं ठरलं, अन् त्या बाहेरच्या मार्गावरच्या गावांत सोनाळ्याचं नाव आलं. तेव्हापासून चौकात स्टेशनची जागा रोज बदलते. ज्याचं शेत जिकडं, त्याचं स्टेशन तिकडं.

त्याच चौकात मी बिग बॉयचा व्हिडिओ दाखवला. एकानं विचारलं, “ॲव्हरेज किती देते?” दुसरा म्हणाला, “आपल्या इकडं आनतील का?” आबांच्या वयाचे एक बाबा कोपऱ्यात बिडी ओढत बसले होते. त्यांनी फोन हातात घेतला, पडद्याकडं पाहिलंच नाही, सरळ कानाला लावला.

“गाडी राहू दे बाबू,” ते म्हणाले, “शिट्टी लाव पयले.”