चढ यंत्राचा, उतार आपला

मराठी माणसाचं स्वित्झर्लंड मे महिन्यात असतं. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, टूरवाले रेल्वेने युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर नेऊन सोडतात, तासभर एकमेकांना बर्फाचे गोळे मारायचे, फोटो काढायचे आणि 'जेवायला कुठे?' म्हणत खाली यायचं. फेब्रुवारीत डोंगर तेच असतात, पण त्यांच्यावरची माणसं पायाला फळ्या बांधून हिंडत असतात. ती रोज आपटतात, रात्री ठणकणारे गुडघे चोळतात आणि पुढच्या वर्षीचं हॉटेल आत्ताच ठरवून ठेवतात. याला स्कीची सुट्टी म्हणतात.

भाचा झुरिकला नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून ताई, भाऊजी आणि मी म्यूरेनला गेलो. हे गाव १,६०० मीटरच्या वर, कड्याच्या काठावर बसलेलं. बाहेरून मोटारीने इथे येताच येत नाही. लाउटरब्रुनेनच्या दरीतून केबल कारने वर यायचं आणि पुढे १८९१ पासून धावणारी छोटी रेल्वे पकडायची. समोर आयगर, म्योन्ख आणि युंगफ्राउ ओळीने उभे. ताईने खोलीचं दार उघडलं, पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "हे सोडून बुटांच्या दुकानात कशाला जायचं?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर तिला कोणी दिलं नाही. तरी आम्ही गेलो.

स्कीचा बूट जाड, कडक प्लास्टिकचा असतो. घोट्यात पाय फारसा वाकत नाही आणि नडगी कायम पुढे रेटलेली राहते, त्यामुळे ताठ उभं राहण्याची सोय नाही. बकल आवळायला दुकानदार गुडघ्यावर बसतो आणि मग सगळ्यांसमोर वजन विचारतो. माणूस पडला की पाय पिरगळायच्या आत फळी बुटापासून सुटली पाहिजे. किती जोर आला की सुटायचं, ते वजन, उंची, वय आणि अनुभव पाहून स्क्रूने ठरवतात. ताईने एक आकडा पुटपुटला.

"आई, खरं सांग. नाहीतर मध्येच फळी निघेल."

"निघू दे. दुकानभर कळायला नको."

शेवटी तिने फळ्या घेतल्याच नाहीत. बर्फ दाबून केलेल्या पायवाटेवर चालायला जायची, उन्हात खुर्ची टाकून बसायची. आमच्यात खरी सुट्टी झाली ती तिची.

भाऊजींची मात्र शिकवणी सुरू झाली. शिकवणारा पोटचा मुलगा. "बाबा, गुडघे वाकवा! बाबा, मागे झुकू नका! बाबा, पायांकडे नका बघू!" शेजारून चार-चार वर्षांची पोरं, हातात काठ्यासुद्धा न घेता, फळ्यांची टोकं जवळ आणून सुळकन जात होती. भाऊजींचीही टोकं जवळ आली, मग एकमेकांवर चढली आणि भाऊजी अतिशय सावकाश, काही घडतच नसल्यासारखा चेहरा ठेवून, खाली बसले. पडण्यापेक्षा उठणं अवघड. फळ्या उताराला आडव्या करून आपल्या खालच्या अंगाला आणाव्या लागतात, आणि त्यासाठी आधी कुठला पाय कुठे आहे ते कळावं लागतं.

"याला सायकल मी शिकवली," भाऊजी तिथूनच मला म्हणाले. "तेव्हा मी असा ओरडलो होतो का?"

"ओरडला होतात," पायवाटेवरून ताई म्हणाली.

भाऊजी दर रविवारी सिंहगड चढतात. त्यांचा मूळ आक्षेप तात्त्विक होता. डोंगर स्वतः चढायचा असतो, उतरताना फार तर जीप. इथे महागडा पास काढून यंत्राने वर जायचं आणि लगेच खाली यायचं, हा कुठला न्याय? इतिहास त्यांच्या बाजूने आहे. इथली प्रसिद्ध 'इन्फर्नो' शर्यत १९२८ साली सुरू झाली, तेव्हा २,९७० मीटरच्या शिल्टहॉर्नवर केबल कार नव्हती. ती आली १९६७ साली. म्हणजे शर्यतीत उतरणारे गडी आधी डोंगर चढून जात. हे ऐकून भाऊजींनी त्या दिवशी प्रथमच मान डोलावली.

हा सगळा उद्योग वाढवला इंग्रजांनी, आणि त्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. आधुनिक स्लालमची, म्हणजे रोवलेल्या दांड्यांमधून नागमोडी उतरण्याची, शर्यत १९२२ साली म्यूरेनलाच घेतली ती आर्नल्ड लन यांनी. त्यांचा जन्म १८८८ चा, मद्रासचा. वडील तिथे मिशनरी होते, आणि पुढे तेच इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यात आल्प्समध्ये आणू लागले. आर्नल्डनी १९२४ साली काढलेल्या क्लबचं नाव 'कंदाहार', कानपुरात जन्मलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांच्यावरून. मद्रास, कानपूर, कंदाहार, आणि बर्फ स्वित्झर्लंडचा! पूर्वी अशा स्पर्धांत डौलालाही गुण असत; लन म्हणाले, फक्त वेळ मोजा. भाऊजींना हे अजिबात पटलं नाही. त्यांच्याकडे असला तर डौलच होता.

दुपारी सगळे पाहुणे गच्चीवर जमतात. तिथे स्कीबद्दल बोलताना मी फारसं कोणाला ऐकलं नाही. एक म्हातारे इंग्रज गृहस्थ पूर्वीच्या बर्फाबद्दल बोलत होते, एक डच कुटुंब किमतींबद्दल, बाकी सगळे बुटांबद्दल. बकल सैल केल्यावर प्रत्येकाच्या तोंडून जो सुस्कारा निघतो, त्याला भाषा नसते. ताईने तोवर रोश्टी शोधून काढली होती. लोण्यात खरपूस परतलेला आपला बटाट्याचा कीसच तो; दाण्याचं कूट तेवढं नाही. ती एकादशीला चालेल का, यावर भाऊजींनी पाऊण तास काढला. तेवढा वेळ फळ्यांपासून लांब राहता आलं.

तेव्हा म्यूरेनला जरूर जा. स्की येत नसेल तरी जा, रेल्वे आणि डोंगर सगळ्यांसाठी आहेत. बर्फावर उतरणारच असाल तर हेल्मेट घाला, दुकानात वजन खरं सांगा आणि पैसे मोजून स्की स्कूलचा शिक्षक लावा. पोटच्या मुलाकडून शिकू नका.