बडोद्याच्या एसीमालकांस अनावृत अभिनंदनपत्र

प्रति,
राजमान्य राजेश्री एसीमालक महोदय,
मुक्काम वडोदरा, मराठी मंडळींचे बडोदे.

विषय : खिडकीतील वातानुकूलन यंत्राच्या देखभालीबाबत दाखवलेल्या असामान्य निग्रहाबद्दल जाहीर अभिनंदन.

सा. न. वि. वि.

फाल्गुन सरता सरता बडोद्यातील पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि मे महिन्यात तो 42-43 अंशांवर जाऊन ठाण मांडतो. या काळात घरादाराची झोप ज्या एका यंत्राच्या भरवशावर चालते, त्या यंत्राकडे वर्षभर ढुंकूनही न पाहण्याचा जो निग्रह मालकमहोदयांनी पाळला आहे, त्याची जाहीर नोंद घेणे हे प्रस्तुत पत्राचे प्रयोजन होय. शहराच्या परंपरेशी ताडून पाहता हा निग्रह अधिकच उठून दिसतो. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1890 मध्ये येथे कलाभवन स्थापून यंत्रविद्या आणि कारागिरी देशी भाषेतून शिकवण्याचा घाट घातला, तेव्हा विलिस कॅरिअर या अमेरिकी अभियंत्याने ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाचा आराखडा (1902) काढण्यास अजून 12 वर्षे अवकाश होता. अर्थात या शहरात यंत्राच्या आधी यंत्राचे शिक्षण आले. आणि तेथेच महोदयांनी एसीबरोबर आलेली माहितीपुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढता थेट माळ्यावर रवाना केली. यंत्राची काही कामे मालकाने स्वतः करावयाची असतात आणि काही कामांना त्याने हातही लावावयाचा नसतो, एवढीच काय ती त्या पुस्तिकेची शिकवण. महोदयांनी यांपैकी पहिली कामे कटाक्षाने टाळली आणि दुसरी मोठ्या हौसेने अंगावर घेतली, यातच त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून देणे भाग आहे, कारण पाच-सहा वर्षे एका खोलीत राहूनही उभयतांचा परिचय झालेला दिसत नाही. विंडो एसी म्हणजे वातानुकूलनाची सर्व अंगे एकाच पेटीत बसवलेले यंत्र. त्याच्या खोलीकडील बाजूस थंड कॉइल, म्हणजे तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट रांग बसवलेला सांगाडा, असते. बाहेरच्या बाजूस तशीच गरम कॉइल असते. शीतकाला, म्हणजे ज्याला बोलताना सरसकट ‘गॅस’ म्हटले जाते त्या द्रव्याला, दाबून फिरवण्याचे काम कंप्रेसर करतो. आणि एकच मोटर दोन्ही टोकांचे पंखे फिरवते. शीतक आतल्या कॉइलमध्ये बाष्परूप होताना खोलीतील उष्णता शोषतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रवरूप होताना ती बाहेर टाकतो. ज्या ‘टना’चा उल्लेख महोदय पाहुण्यांपुढे अभिमानाने करतात, तो यंत्राच्या वजनाचा नसून एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे 907 किलो, बर्फ 24 तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, त्या वेगाचा आहे, हा वेग सुमारे 3.5 किलोवॉट भरतो आणि दीड टनाच्या यंत्रास पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता उपसावी लागते. ही सारी उष्णता दोन कॉइलींवरून वाहणाऱ्या हवेच्या हातून जाते, त्यामुळे हवा अडली की सगळा व्यवहारच अडतो.

ही हवा अडवण्याची कामगिरी महोदयांनी फिल्टरच्या, म्हणजे पुढच्या झाकणामागे सरकवलेल्या बारीक जाळीच्या, साहाय्याने पार पाडली आहे. शहरातील उन्हाळी धूळ, खाली चाललेल्या बांधकामाची भुकटी, गादीतील तंतू आणि देवघरातील उदबत्तीचा धूर यांचा मिळून जाळीवर जो राखाडी थर साचला आहे, तो बोटाने उचलला तर सलग पापुद्र्यासारखा निघतो. हा थर काढण्यास मेकॅनिक लागत नाही. प्लग काढून झाकण उघडावे, जाळी सरकवून बाहेर घ्यावी, आधी हलकेच झटकावी, मग तिच्या स्वच्छ बाजूने कोमट पाण्याची धार सोडावी, म्हणजे धूळ आली त्या वाटेने निघून जाते. उलट बाजूने धुतल्यास ती छिद्रांत अधिकच रुतते. कढत पाण्याने आणि कडक उन्हाने तिची प्लास्टिकची चौकट वाकडी होते, म्हणून ती सावलीत पूर्ण वाळवून परत बसवावी. हा सारा खटाटोप पाव तासाचा असून हंगामात दर पंधरवड्यास एकदा करावयाचा असतो. तो न केल्यामुळे थंड कॉइलवर पुरेशी हवा पोहोचत नाही, तिचे तापमान शून्याखाली उतरते आणि हवेतील ओल तिच्यावर बर्फ होऊन बसते. असा बर्फ दिसला तेव्हा महोदयांनी शेजाऱ्यांस बोलावून ‘कूलिंग बघा’ म्हणून तो दाखवला. वस्तुतः बर्फाचा तो थर हवा आणखीच अडवतो, वितळला की गादीवर टपकतो, आणि बाष्परूप न झालेला शीतक द्रवरूपातच कंप्रेसरकडे परतू लागल्याने यंत्रातील सर्वांत महाग भागाचे आयुष्य घटवतो. असा बर्फ दिसताच कंप्रेसर बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा आणि फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ पुन्हा धरला तर जाणकारास बोलवावे, हा उपाय शेजाऱ्यांना दाखवण्याजोगा नसला तरी गुणकारी आहे.

बाहेरच्या बाजूचे औदार्यही उल्लेखनीय आहे. पेटीच्या माथ्यावर पारव्यांच्या जोडप्यास बिनभाड्याची जागा दिलेली आहे, उत्तरायणात कापलेल्या पतंगांच्या मांजाचे गुंते मागच्या जाळीत संक्रांतीपासून तसेच आहेत, आणि ऊन लागू नये म्हणून ओढलेल्या ताडपत्रीने गरम हवेची वाट बंद केलेली आहे. सावली यंत्रास हितकर असते हे खरे. पण त्यासाठी वारा अडवला तर गरम कॉइलवरील उष्णता जागीच कोंडते, शीतकाचा दाब वाढतो आणि त्याच गारव्यासाठी कंप्रेसरला अधिक वीज ओढावी लागते. पेटी बाहेरच्या अंगास किंचित उतरती असावी, हेही महोदयांस अनावश्यक वाटलेले दिसते. थंड कॉइलवर जमलेले पाणी तळाच्या तबकातून मागे जावे, आणि पुष्कळ यंत्रांत तेच पाणी पंख्याच्या कड्याने गरम कॉइलवर उडवले जाऊन तिला थंडावा द्यावा, अशी त्यामागील योजना आहे. उतार आतल्या अंगास असला तर पाणी भिंतीत मुरते आणि निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबली तर ते खालच्या मजल्यावरील वाळवणावर पडते. पापडांवरून उद्भवलेल्या वादात महोदयांनी घेतलेली ‘एसी आहे, पाणी गळणारच’ ही भूमिका मात्र शास्त्राधारित नाही.

रिमोटच्या बाबतीत महोदयांचा बाणा राजेशाही आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या, म्हणजे तारांकित लेबलांची व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून अशा लेबलाचे एसी सुरू होताना मुळातच 24 अंशांवर असतात, आणि तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते असे ही संस्था सांगते. महोदय तापमान तत्काळ 18 वर आणून मग रजई ओढतात. ठरावीक वेगाच्या कंप्रेसरचे यंत्र 18 वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, कारण 24 गाठेपर्यंतही ते तितक्याच जोराने चालत असते. 18 चा आकडा त्याला थांबू देत नाही, इतकेच.

येथवरचा आळस फक्त बिलात दिसतो. विजेच्या जोडणीतील आळस मात्र जिवावर बेतू शकतो. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालताना साधारण 6 ते 8 अँपियर प्रवाह घेते आणि ठरावीक वेगाचा कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. म्हणूनच त्यास 16 अँपियरचा स्वतंत्र सॉकेट, पुरेशा जाडीची तांब्याची वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी, म्हणजे भार वाढताच वीज तोडणारे छोटे स्विच, आणि खरीखुरी अर्थिंग लागते. महोदयांनी हे यंत्र टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवले, प्लगची पिन काळी पडून जळका वास येऊ लागला तेव्हा उदबत्तीची संख्या वाढवली, आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी अधिक क्षमतेचा बसवून घेतला. एमसीबी पडतो तो भिंतीतील वायर तापून पेटू नये म्हणून. त्याचे तोंड असे बंद केले तर पुढील इशारा वायर स्वतःच देते आणि तो धुराच्या रूपाने येतो. वीज जाऊन येताच यंत्र लगेच सुरू करण्याची घाईही आवरण्याजोगी आहे, कारण आतल्या दोन बाजूंचा दाब समान होण्यास सुमारे तीन मिनिटे लागतात आणि त्याआधी कंप्रेसर विनाकारण झगडतो.

आता महोदयांच्या उद्योगशीलतेकडे वळावयास हवे. जाळी धुण्यास ज्यांना वर्षभर सवड मिळाली नाही, त्यांनी एका रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीचे मुख्य आवरणच उघडले. आतील कपॅसिटर, म्हणजे मोटरला धक्का देण्यासाठी विद्युतभार साठवणारा डबीसारखा भाग, प्लग काढल्यानंतरही काही काळ भारित राहू शकतो आणि हात लागल्यास जबर झटका देतो. तेथून बचावलेल्या महोदयांनी बागेची नळी जोडून पाण्याचा फवारा थेट विद्युतपट्टीवर सोडला आणि स्वयंपाकघरातील सुरीने पत्र्यांमधील कचरा काढताना ते पत्रेही वाकवले. आवरणाच्या आतील स्वच्छता हे प्रशिक्षित माणसाचे वर्षातून एकदा, हंगामापूर्वी, करावयाचे काम आहे.

‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ ही महोदयांची श्रद्धा मेकॅनिकांच्या धंद्यास पोषक आहे. शीतक बंद नळ्यांतून फिरतो. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस त्याच वाटेने जातो. शिवाय शीतक कोणता आहे हे पेटीवरील पट्टीवर लिहिलेले असते आणि ते वाचणे सुरक्षेचे आहे. जुन्या यंत्रांतील आर-22 ओझोनच्या थरास मारक असल्याने हद्दपार होत आहे. आता प्रचलित असलेला आर-32 मंदज्वलनशील आहे आणि काही यंत्रांतील आर-290 हा तर प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच एक घटक आहे. एका जातीच्या यंत्रात दुसऱ्या जातीचा शीतक भरणे, गॅसच्या कामाच्या वेळी त्याच खोलीत दिवा किंवा सिगारेट पेटती ठेवणे, आणि गळती तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरू देणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. दाबाखालील ऑक्सिजनचा कंप्रेसरच्या तेलाशी संयोग झाल्यास स्फोट होतो.

स्वस्तातल्या मेकॅनिकच्या निवडीत महोदयांचा हिशेबीपणा कळसास पोहोचतो. तो तरुण पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, वीतभर रुंदीच्या छज्ज्यावर, पायांत चपला आणि कमरेस काहीही नसताना उभा असतो, आणि त्याच्या सुरक्षेची व्यवस्था म्हणून महोदयांनी आतून त्याच्या शर्टाचे टोक चिमटीत धरलेले असते. सुरक्षापट्टा आणि तो बांधण्याची भक्कम जागा नसेल तर ते काम त्या दिवशी होणार नाही, असे सांगण्याचा अधिकार मालकाचा आहे. पट्ट्याचे जे काही जास्तीचे पैसे पडतील, तेही त्यानेच द्यावयाचे आहेत.

राहता राहिला विश्वामित्रीचा प्रश्न. ऑगस्ट 2024 मध्ये या नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांचीही मर्यादा मागे टाकली आणि शहरातील वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा मगरींची चर्चा बरीच झाली. जमिनीवर ठेवलेल्या स्टॅबिलायझरांची, म्हणजे एसीला मिळणारा विद्युतदाब स्थिर राखणाऱ्या पेट्यांची, फारशी झाली नाही. पाण्यात बुडालेले यंत्र, सॉकेट किंवा स्टॅबिलायझर वरून वाळलेला दिसला तरी आत गाळ आणि ओल राहते, म्हणून ‘चालतोय का’ ते पाहण्यासाठी बटण दाबणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. मुख्य पुरवठा बंद ठेवून जाणकाराकडून तपासणी झाल्यावरच वीज सोडावी, आणि स्टॅबिलायझर मुळातच भिंतीवर उंच बसवावा.

तरी मालकमहोदयांस नम्र विनंती अशी की, त्यांनी आपला निग्रह आणि आपली हौस यांची जागा तेवढी बदलावी : जाळी, निचरा, बाहेरची मोकळी जागा आणि प्लग यांकडे स्वतः नियमित पाहावे, आवरणाच्या आत, शीतकात आणि वायरिंगमध्ये मात्र स्वतःचा हात घालू नये, आणि होळीपूर्वीचा एक दिवस वार्षिक तपासणीसाठी राखून ठेवावा. माळ्यावरील पुस्तिकाही त्याच दिवशी खाली उतरवता येईल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

महोदयांचा,
एक शेजारी हितचिंतक

ता. क. : यंत्रातून ठिणग्या किंवा धूर निघाल्यास पाणी मुळीच टाकू नये, मुख्य स्विच बंद करून सर्वांनी खोलीबाहेर पडावे आणि 101 किंवा 112 या क्रमांकावर कळवावे.