पाचांच्या घरात सहावा

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं, की पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकच्या माणसाने आधी भूदानाचा इतिहास वाचून घ्यावा. पट्टा, वाडगा, बिछाना यांची खरेदी नंतर करता येते. विनोबा भावे गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मले. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिलं भूदान मिळालं आणि मग ते गावोगाव सांगत हिंडले, की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. पिल्लाचं म्हणणं नेमकं हेच असतं. विनोबा मिळालेली जमीन भूमिहीनांना वाटून टाकत. पिल्लू सगळं स्वतःकडेच ठेवतं, एवढा फरक लक्षात असू द्यावा.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नका. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू जास्त गोड दिसतं, म्हणूनच हे बजावून सांगावं लागतं. किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, हे ते भावंडांच्या दंगामस्तीत शिकतं. ती शाळा बुडाली, तर शिकवणी तुमच्या पोटऱ्यांवर होते.

नाव ठेवताना जपून. ‘वाघ्या’ ठेवलंत, तर पडवीत बसलेला प्रत्येक पाहुणा रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीवर अर्धा तास बोलेल आणि दुसरा पाहुणा त्याला खोडून काढेल. शिवाय आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. तिन्हीसांजेला ‘वाघ्या आला, वाघ्या आला’ म्हणून ओरडलात, तर शेजारी पोरं आत घेऊन दारं लावतील. मोती बरा.

आता हद्द. ‘पिल्लू पडवीतच राहील’ असा ठराव घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईच्या अध्यक्षतेखाली एकमताने मंजूर करून घ्या. पहिल्या रात्री पिल्लू रडणारच. आईची ऊब आणि वास दोन्ही एकदम सुटलेले असतात. आणतानाच आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मागून आणा आणि गोणपाटावर अंथरा. ‘रडू दे, सवय होईल’ असं आजोबा म्हणतील. रात्री माजघराचं दार तेच उघडतील आणि सकाळी वाऱ्याने उघडलं म्हणून सांगतील. आषाढ असेल तर हे खपून जातं.

आषाढात मात्र पिल्लू आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झोपून उठलं, जेवलं किंवा खेळून दमलं, की लगेच त्याला अंगणात न्यायचं आणि तिथे उरकलं की तोंडभरून कौतुक करायचं, हा नियम सोपा आहे. पण कोकणातला पाऊस पाहून पिल्लू उंबरठ्यावरच थबकतं, तुमच्याकडे बघतं आणि माघारी वळतं. घरात केलं म्हणून त्याचं नाक त्यात घासू नका. ‘या माणसासमोर करायचं नाही’ एवढंच त्याला त्यातून कळतं. पुढच्या वेळी ते भाताच्या कणगीमागे जातं आणि तुम्हाला दोन दिवसांनी वासावरून पत्ता लागतो.

खाणं दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. वाटीभर गाईचं दूध पाजण्याचा मोह आवरा. पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि कणगीमागचा प्रश्न वाढतो. मऊ भात, उकडलेलं अंडं, काटे काढलेली बिनमिठाची मासळी चालते. खारवलेलं सुकट नको. कांदा, लसूण, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी. आंब्याची कोय चघळायला देऊ नका, ती आतड्यात अडकते.

दात हा स्वतंत्र विषय आहे. दुधाचे अठ्ठावीस दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि त्यांच्या जागी बेचाळीस येतात. या काळात घरात येईल तो जोडा पिल्लाचा. जोडे वर ठेवा आणि त्याला चावायला जुन्या फडक्याची घट्ट गाठ द्या. पेण तालुक्यात राहून पापड वाळत घालणार असाल, तर राखणीला माणूस बसवा. पोह्याच्या पापडावर चार पावलांची नक्षी उमटली, की पिल्लाची हद्दपारी पुन्हा चर्चेला येते.

आता थट्टा बाजूला. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी आणि जंताचं औषध सुरू होतं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस. तारखा कालनिर्णयवर एकादशीशेजारी लिहून ठेवा. पिल्लाचा दात किंवा नख लागलं, तर जखमेवर हळद-मिरची भरू नका. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पावसात उंदरांच्या मुतामुळे लेप्टोही पसरतो, त्याचीही लस विचारून घ्या. रात्री पिल्लाला अंगणात बांधू नका. बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट.

म्हणजे पडवीचा ठराव तुम्हाला स्वतःच मोडावा लागतो. विनोबांची चळवळही भूदानावरून अख्ख्या गावाच्या ग्रामदानावर गेलीच होती. पडवी, ओटी, माजघर या क्रमाने सोडत जा, फार ताणू नका. स्वयंपाकघर तेवढं राखा. तेही गेलंच, तर कांद्यांची माळ त्याआधी उंच टांगा.