वाहन न शिकण्याची शास्त्रोक्त रीत

ज्या बेंबळीत मिसरूड फुटण्याआधीच मुलगा मोटारसायकलवर मांड ठोकतो असा सार्वत्रिक समज आहे, तेथे एखादा सतरा वर्षांचा तरुण ‘मला गाडी शिकायची नाही’ असे म्हणू लागला म्हणजे वडीलधारी मंडळी त्याच्या पुरुषार्थाविषयी साशंक होतात. वस्तुतः त्याच्याएवढा दूरदर्शी पुरुष पंचक्रोशीत दुसरा नाही, आणि त्याच्या हितार्थच पुढील मार्गदर्शन सादर करीत आहोत.

किल्ली हाती आली की स्वातंत्र्य आले, हा भ्रम प्रथम टाकून द्यावा. त्याच दिवशी मनुष्य घराचा बिनपगारी बलुतेदार होतो; फरक इतकाच की बलुतेदाराला खळ्यावर धान्य तरी मिळे. पहाटे दूध डेअरीवर पोचवावे, दुपारी सोयाबीनच्या फवारणीचे औषध आणावे, तिन्हीसांजेला धाराशिवहून आलेल्या आत्याबाईंना त्यांच्या तीन पिशव्यांसह स्टँडवरून घरी आणावे, पौर्णिमेस तुळजापूर आणि चैत्रात येरमाळा घडवावे, आणि पेट्रोलचा विषय काढताच ‘घरच्यांसाठी एवढंही करू नये का रं?’ हा सवाल निमूटपणे ऐकून घ्यावा.

या वेठीपासून बचावाचा पहिला तट म्हणजे 1988चा मोटार वाहन कायदा. अठरा वर्षे पुरी होईपर्यंत त्याचा आधार निःशंकपणे घ्यावा. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीची मुभा असते खरी, पण तशी पेट्रोलची गाडी आता शोधूनही क्वचितच सापडते, ही ईश्वरी कृपाच. 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा गाडीमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. यातील अखेरचे कलम काही महत्त्वाकांक्षी तरुणांस मोहात पाडते. परंतु वडिलांस तुरुंगात धाडून मिळविलेली विश्रांती सुखाची होत नाही.

अठरा पूर्ण होताच मात्र पवित्रा बदलावा. नकार न देता स्वतः होऊन शिकाऊ परवान्याचा अर्ज करावा, परीक्षा उत्तीर्ण व्हावी, आणि तो कागद देवघराशेजारी सर्वांच्या नजरेस पडेल असा ठेवावा. त्याची मुदत सहा महिने असते आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतरच देता येते. मधल्या काळात अभ्यास, पाऊस, रब्बीची पेरणी आणि मामाच्या घरचे लग्न यांची योग्य सांगड घातल्यास मुदत आपोआप सरते, आणि मुलगा उद्योगी असल्याची ख्याती तेवढी उरते.

आजीपुढे कायदा चालत नाही, तिच्यापुढे एसटीची कैफियत मांडावी: महिलांस अर्धे तिकीट, पंचाहत्तरी उलटलेल्यांस तर संपूर्ण प्रवास मोफत. ‘दारात गाडी उभी असताना यष्टीत धक्के कोण खाईल?’ असा प्रतिप्रश्न येईलच. त्यावर वाद घालू नये. पाय मुरगळल्याची तजवीज आधीच करून ठेवावी.

इतक्यावरही वडिलांनी किल्ली पुढे केलीच, तर धाकट्या बहिणीचे नाव सुचवावे. बारावीपर्यंत शाळेला एसटीने फुकट जाणाऱ्या त्या मुलीस गाडी शिकण्याची अतोनात हौस असते. शिवाय तिला अठरा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षे आहेत, आणि तेवढी मुदत कोणत्याही कचेरीत अर्ज न करता आपल्या पदरात पडते.