पालखी जाऊ द्या, मग बघू

फलटणमध्ये घर विकायला काढलं की पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. पहिला प्रश्न येतो, "का हो, काय अडचण आली का?" अडचण असल्याशिवाय राहतं घर कोणी विकत नाही, अशी गावाची पक्की समजूत आहे. एक तर कर्ज, नाही तर भाऊबंदकी, नाही तर पुण्याच्या मुलाचा हट्ट. आमचं यातलं काहीच नव्हतं. गुडघ्यांना पेठेतल्या घराचा जिना झेपेना आणि गावालगत कोळकीला लिफ्टचा फ्लॅट मिळत होता, एवढंच. पण कारण इतकं साधं असेल यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. एक जुने स्नेही तर चहा पिऊन झाल्यावर खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "आता खरं काय ते सांगा. मी कुठे बोलणार नाही."

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की इथला व्यवहार पंचांगाप्रमाणेच नव्हे तर गावाच्या कॅलेंडरप्रमाणेही चालतो. ज्येष्ठात एजंटला फोन केला तर म्हणाला, "काका, पालखी जाऊ द्या, मग बघू." माउलींची पालखी तरडगावहून येणार, विमानतळाच्या मैदानावर उतरणार आणि बरडकडे निघणार, तेवढ्यात घर कोण बघतंय? बरोबरच होतं. पालखी गेली. मग पितृपंधरवडा. पितरांच्या दिवसांत नवी वास्तू बघत नाहीत. मग दिवाळी. दिवाळी संपते न संपते तोच मार्गशीर्षात रामाचा रथ. "रथ होऊ द्या." रथ झाला, तर गिऱ्हाईक निघालं शेतकरी, नीरा उजव्या कालव्याखालचा बागायतदार. त्याला घर पसंत होतं, भावही मान्य होता. फक्त म्हणाला, "ऊस जाऊ द्या." ऊस गेला, तर "कारखान्याचं बिल येऊ द्या." ते बिल येईपर्यंत पुन्हा ज्येष्ठ लागला.

मधल्या काळात घर बघायला माणसं येतच होती. हा भाग कोणाच्या वाट्याला येऊ नये. आपण ज्या भिंतीला टेकून पन्नास वर्षं पेपर वाचला, तिच्यावर परका माणूस बोटाच्या पेराने टकटक करतो आणि म्हणतो, "मातीचीच दिसतेय." एकाने मोबाइलमध्ये होकायंत्र उघडलं, उंबऱ्यावर आडवं धरलं आणि चेहरा पाडला. "दक्षिणमुखी आहे, काका." आमच्या तीन पिढ्या त्या दारातून परीक्षेला, लग्नाला, दवाखान्यात गेल्या आणि बहुतेक वेळा परतही आल्या. पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. एका बाईंनी देवघराच्या कोपऱ्यात उभं राहून नवऱ्याला हात करून दाखवलं, "इथे अटॅच्ड बाथरूम बसेल." आतून आमच्या हिने भांडं आपटल्याचा आवाज आला.

कळस केला एजंटने. "बांधकामाची किंमत धरायचीच नाही, काका. जागेचीच धरायची. उलट पाडायचा खर्च त्यातून वजा होईल." म्हणजे दगडी जोतं, सागवानी खांब, माळवदावर वडिलांनी कर्ज काढून घातलेले पत्रे, या सगळ्याची मिळून किंमत शून्याच्याही खाली. घर नसतं तर आम्ही जास्त श्रीमंत ठरलो असतो!

बरं, जागा तरी किती? आजोबा खणांत सांगायचे. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर चौरस मीटर. एजंट बोलतो स्क्वेअर फुटात. आणि बागायतदार मनातल्या मनात गुंठ्यांत उतरवून म्हणतो, "एवढ्यात तर आमची विहीरपण बसायची न्हाई." चार मापांत घर चार वेळा मोजलं, आणि दर मोजणीला ते थोडं लहानच होत गेलं.

मग वारस. 8 मार्च 1948 रोजी फलटण संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. नाईक निंबाळकर घराण्याकडे शतकानुशतकं असलेलं अख्खं संस्थान, राजवाड्यातून चालणारा कारभार, खजिना, कचेऱ्या, सगळं हललं. संस्थानिक मालोजीराजे पुढे मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळातही गेले. हा इतिहास आम्हाला शाळेत अभिमानाने सांगत. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं, की संस्थान देऊन टाकणं तुलनेने सोपं असावं. पेठेतल्या आमच्या घराला नऊ सह्या लागत होत्या.

त्यातली सर्वांत मोलाची सही सांगलीच्या आत्याची. 1956 च्या वारसा कायद्यापासून टप्प्याटप्प्याने वाढत मुलींचा हक्क 2005 साली मुलांच्या बरोबरीला आला, हे वकिलांनी आम्हाला समजावलं. आत्याला समजावायची गरज नव्हती. ती म्हणाली, "मला छदाम नको रे. पण विचारायचं तरी!" विचारायलाच आलोय म्हटल्यावर म्हणाली, "फोनवर विचारतात होय माहेर विकायचं?" फलटण म्हणजे सईबाईंचं माहेर, इथल्या लेकींच्या माहेराला आधीच जरा वजन आहे. शेवटी सांगलीला जाऊन, साडी नेसवून, जेवून, हक्कसोडपत्रावर ती राजी झाली. उरलेल्यांत बारामतीचा चुलतभाऊ "आधी बाकीच्यांच्या होऊ द्या" म्हणाला, आणि बाकीचे सगळे "आधी बारामतीची होऊ द्या" म्हणाले. परदेशातल्या पुतणीचं मुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीचा शिक्का घेऊन आलं, तेही बारामतीच्या आधी.

खरेदीखताचा मसुदा मात्र मी आवडीने वाचला. असं मराठी आता कुठे वाचायला मिळत नाही. मी "लिहून देणार", बागायतदार "लिहून घेणार". घर विकलं ते नुसतं नाही, काष्ठ, पाषाण, जल, तरू, तृण, निधी, निक्षेप यांसह. म्हणजे आजोबांनी कुठे मोहरांचा हंडा पुरला असेल तर तोही गेला. आजोबांचा स्वभाव बघता त्यांनी पुरलाच असेल तर उसनवारीचा हिशेब पुरला असेल. तोही गेला, हे बरंच झालं. चतुःसीमेत पश्चिमेला ज्यांचं घर लिहिलं होतं ते गृहस्थ जाऊन वीस वर्षं झाली. वकील म्हणाले, "जुन्या कागदाला जुळतं तेच ठेवू." शेवटी ओळ होती, की हे खत मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे. राजीखुशीपर्यंत ही गप्प होती. अक्कलहुशारीला हसली.

नोंदणीच्या दिवशी आत्या मुद्दाम आली. कॅमेऱ्यापुढे पदर सारखा करून फोटो दिला, पण अंगठा मशीनला वाचता येईना. डावा, उजवा, ओला, कोरडा, सगळे झाले. साठ वर्षं भाकऱ्या थापून, भांडी घासून रेषाच उरल्या नव्हत्या. "आजी, जरा दाबून," ऑपरेटर म्हणाला. आत्या म्हणाली, "अरे, दाबूनच तर झिजलाय."

कागद झाले तरी सामान होतंच. माळ्यावर चढलेल्या भाच्याने वरून एकेक जिन्नस नावानिशी पुकारायला सुरुवात केली. तांब्याचा बंब. पाळण्याची कडी. कुकरच्या जुन्या रिंगा, का ठेवल्या ते विचारू नये अशा. तीन फडताळं भरून दिवाळी अंक. लग्नपत्रिकांचा गठ्ठा, त्यातल्या निम्म्या जोडप्यांना नातवंडं झालेली. पितळ मोडीत किलोवर गेलं. जातं कोणी घेईना आणि टाकवेना, कारण जात्याला हळदकुंकू लावलेलं असतं. झोपाळ्याला फ्लॅटच्या छतात कडी नाही. बिल्डरकडे विचारलं तर म्हणाला, स्लॅबला होल नको. सामान दोन-अडीच किलोमीटर न्यायचं, तर टेम्पोवाल्याने "आधी निम्मं कमी करा, मग बोलवा" म्हणून फोन ठेवला.

अशा अवस्थेत पुन्हा पालखी आली. आमच्याकडे दरवर्षी परभणीकडच्या दिंडीतल्या काही बाया मुक्कामाला असतात. त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्या बाईंचं सामान मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. एक पिशवी. तिच्यात लुगडं, चादर, ताट-तांब्या, गोळ्यांची पुडी आणि पावसाला प्लास्टिकचा कागद. वर तुळशीची माळ गळ्यात, म्हणजे तिचं ओझं नाही. विमानतळावर रात्री तंबूंचं अख्खं शहर असतं. सकाळी दोर सुटतात, काठ्यांच्या मोळ्या होतात, दिंडीचे ट्रक पुढच्या मुक्कामाला सुटतात आणि दुपारी तिथे पोरं क्रिकेट खेळतात. हे लहानपणापासून बघत आलेल्या गावातल्या माणसाला तीन खोल्या रिकाम्या करता येऊ नयेत!

निघताना बाईंनी खोक्यांकडे बघितलं. त्यांना किमतीशी, मोजमापाशी, दक्षिणेशी घेणं नव्हतं. "दादा, मग पुढल्या साली आमी उतरायचं कुटं?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हा लक्षात आलं की घर आपल्या नावावर असतं, पण वहिवाट पुष्कळांची असते. आत्याची आहे, या बाईंची आहे. त्यांच्या नावाचा बोजा कुठल्याही सर्च रिपोर्टात दिसत नाही, म्हणून त्याचं हक्कसोडपत्रही करून घेता येत नाही. मी कोळकीचा पत्ता कागदावर लिहून दिला. सोसायटीच्या पहिल्याच सभेत आमचा पहिलाच विषय होता, आषाढात एक रात्र पार्किंग दिंडीला देण्याचा. तो मंजूर झाला. झोपाळ्याचा नामंजूर झाला.

आता आम्ही लिफ्टने जातो-येतो. बागायतदाराने घर अजून पाडलेलं नाही. म्हणतो, पुढचा ऊस जाऊ द्या. परवा त्याचा फोन आला. विजेचं बिल कोणाच्या नावाने येतंय विचारत होता. आजोबांच्या. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. वडिलांनी नाव बदलायचं म्हटलं होतं, मग मी म्हटलं होतं. "राहू दे," बागायतदार म्हणाला, "सवडीनं करू." म्हणजे आजोबांचा त्या घरातला मुक्काम निदान आणखी एक पिढी तरी पक्का आहे, आणि बिल भरणारा माणूसही आम्ही त्यांना चांगला मिळवून दिला आहे.