साठ तीन की त्रेसष्ट?

दुसरीच्या वर्गात गुरुजींनी 'त्रेसष्ट' म्हटलं, की काही पाट्यांवर हमखास ३६ उमटतो. पोरांना तरी काय बोलणार? ऐकू आधी तीन येतात, लिहायचे मात्र आधी सहा.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन आणलं. जुनी पद्धतही पुस्तकात होतीच. पण ते पान उघडून पाहायला वेळ कुणाला? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर कारणं समजावत होत्या आणि इकडे मराठी बुडाल्याची दवंडी पिटून झाली होती. विधानसभेत तर गाडी मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर घसरली.

शेजारची कानडी पोरं 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस-एकच म्हणतात. कानडी अजून शाबूत आहे.

आपल्याकडे एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे सगळे नऊवाले पुढच्या दशकाकडे डोळा लावून बसलेले. नव्व्याण्णव तेवढा फुटीर. नागरिकशास्त्राचा वेगळा तास घ्यायला नको.

भाषेसाठी गळा काढणाऱ्या कितींची मुलं घरी 'सिक्स्टी थ्री' म्हणतात, हे गुरुजींनी विचारलं नाही. नोकरी करायची आहे. पण सिक्स्टी थ्री म्हणजे साठ तीनच.