आधी इसार, मग मोजणी

समुद्रकाठी घर घेणारा निदान भरतीचं पाणी कुठवर येतं ते विचारतो. वाशिमला समुद्र नाही, म्हणून आपण काहीच विचारत नाही. दार पूर्वेला, उतार ईशान्येला, पुतण्याने मोबाइलवर सातबारा पाहिला, की दिला इसार! सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते, हे पुतण्याला कोण सांगणार? भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करू म्हटलं, की विकणारा दुखावतो. "आमच्यावर भरोसा नाही का, भाऊ?" भरोसा आहे हो, पण धुरा दर पावसाळ्यानंतर हातभर सरकतो, त्याचं काय?

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात पंजा जाईल एवढी फाटते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर उतरते. मग वास्तुतज्ज्ञ येऊन आरसा टांगायला सांगतात. माती तपासायला इंजिनिअर बोलावणं म्हणजे फुकटचा खर्च!

मोजणी शेवटी होतेच, कंपाउंड बांधून झाल्यावर, शेजाऱ्याच्या अर्जावरून. भूमापक रोव्हर रोवतो, गल्ली जमते, चहा आपल्या घरचा. आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हाती आली की कळतं, आपलं तुळशीवृंदावन शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये राहतं.